नाव निकॉनचं, काच कुणाची? झूम लेन्सच्या धंद्याची साठ वर्षं

आजचा विषय तसा दुकानातला आहे. पहिला कॅमेरा घेतला, त्याच्याबरोबर आलेली किट लेन्स वर्षभर वापरली, आता चांगली झूम घ्यायचीय. दुकानदार समोर दोन डबे ठेवतो. एकावर कॅमेऱ्याच्याच कंपनीचं नाव, दुसऱ्यावर सिग्मा किंवा टॅमरॉन. डब्यावरचे आकडे जवळपास तेच. किमतीत फरक मात्र एवढा, की त्यात एक बऱ्यापैकी फोन यावा. घरचे म्हणतात, "ओरिजिनलच घे." मित्र म्हणतो, "नावाचे पैसे कशाला देतोस?"

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण दोघंही एक गोष्ट धरून चालतात, ती म्हणजे एक डबा ओरिजिनल आणि दुसरा डुप्लिकेट. ते मुळात खरं नाही. सिग्मा, टॅमरॉन, टोकिना या कुणाची नक्कल करून पोट भरणाऱ्या कंपन्या नाहीत. यातली टॅमरॉन आणि टोकिना १९५० सालच्या आहेत, सिग्मा १९६१ ची. म्हणजे आपल्याकडे ज्यांच्या आजोबांनी पहिला कॅमेरा हातात घेतला, तेव्हापासून या कंपन्या काच घासतायत. आणि दुसरी गंमत अशी, की "ओरिजिनल" नावाच्या डब्यातली काच त्या नावाच्याच कारखान्यात घासलेली असते असंही नाही. ही भानगड नेमकी काय आहे ते आज बघू.

सुरुवात झूमपासूनच करू, कारण झूम ही वस्तूच बाहेरच्या माणसानं आणलीय.

झूम नसलेली साधी लेन्स म्हणजे ठरावीक अंतरावर बसवलेल्या काचा. एकदा नीट बसवल्या की काम झालं. झूममध्ये मात्र आतल्या काचांचे गट पुढे-मागे सरकतात, आणि प्रत्येक जागी चित्र धारदारही राहायला हवं, सरळ रेषा सरळही राहायला हव्यात. एका जागी दोष काढला की दुसऱ्या जागी उगवतो. कॉम्प्युटर नव्हता तेव्हा हे सगळं गणित हातानं किंवा साध्या यंत्रांवर व्हायचं. त्यामुळे मोठ्या कॅमेरा कंपन्या फोटोच्या कॅमेऱ्यासाठी झूमच्या वाटेला फारशा गेल्याच नाहीत. सिनेमा आणि टीव्हीसाठी मात्र हे काम एका माणसानं करून दाखवलं होतं. फ्रँक बॅक. मूळ ऑस्ट्रियाचे, नंतर अमेरिकेत गेलेले. त्यांची झूमार नावाची लेन्स १९४० च्या दशकात टीव्हीच्या कॅमेऱ्यांवर आली. १९५९ मध्ये ३५ मिमी फिल्मच्या फोटो कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स बाजारात आली, ती याच बॅक यांच्या डिझाइनची. ३६ ते ८२ मिमी, सगळीकडे एफ २.८, आत १४ काचा. आणि ती कुठल्या नावानं विकली गेली? फोक्टलेंडर. १७५६ साली व्हिएन्नात सुरू झालेलं, कॅमेऱ्याच्या जगातलं सगळ्यात जुनं घराणं. म्हणजे फोटोच्या झूमचा जन्मच असा झाला: डोकं एका कंपनीचं, नाव दुसऱ्या कंपनीचं. लेन्सच्या नावात झूमार हा शब्द तरी राहिला. पुढे तेवढीही दिलदारी फार कुणी दाखवली नाही.

बरं, मोठ्या कंपन्यांनी स्वतः केलेल्या सुरुवातीच्या झूम कशा होत्या? निकॉननं १९६३ मध्ये ४३ ते ८६ मिमीची झूम काढली. छोटी, सुटसुटीत, खूप खपली. आणि आजही निकॉनचे जुने चाहते "आपल्या कंपनीची सगळ्यात वाईट लेन्स कुठली" या गप्पांना बसले, की हिचं नाव पहिल्या तिनात असतंच. सरळ भिंतीचा फोटो काढला तर भिंत वाकडी यायची. नंतर तिचं डिझाइन सुधारलं, ते वेगळं. मला सांगायचंय ते एवढंच, की "कंपनीची लेन्स चांगली आणि बाहेरची वाईट" हा नियम झूमच्या पहिल्या दशकातसुद्धा लागू होत नव्हता.

आता जपानकडे जाऊ. युद्धानंतर तिथे काचेचं काम करणाऱ्या छोट्या कंपन्यांचं पीक आलं. दुर्बिणी, भिंगं, दुसऱ्यांसाठी लेन्स, मिळेल ते काम. त्यातली एक तैसेई ऑप्टिकल, टोकियोजवळच्या उरावा गावातली. हीच पुढची टॅमरॉन. हे नाव त्यांच्या एका तंत्रज्ञाच्या, तामुरा यांच्या आडनावावरून आलं.

तैसेईपुढे प्रश्न असा होता: आपण कॅमेरा बनवत नाही, फक्त लेन्स बनवतो. आणि प्रत्येक कॅमेऱ्याचं तोंड वेगळं. या तोंडाला माउंट म्हणतात, म्हणजे लेन्स जिथे अडकते ती कडी. निकॉनची लेन्स पेंटॅक्सला बसत नाही, पेंटॅक्सची मिनोल्टाला बसत नाही. मग प्रत्येकासाठी वेगळी लेन्स बनवायची का? तेवढे पैसे कुणाकडे होते! त्यांनी १९५७ मध्ये युक्ती काढली. लेन्स एकच बनवायची, मागे साधा आटा ठेवायचा, आणि ज्याचा जो कॅमेरा असेल त्याची कडी त्यावर फिरवून बसवायची. हा टी-माउंट. ४२ मिमी व्यासाचा, आट्यांमधलं अंतर ०.७५ मिमी.

इथे एक आडवळण घेतो, जुन्या वस्तूंची आवड असणाऱ्यांसाठी. पेंटॅक्सच्या जुन्या कॅमेऱ्यांचा आटाही ४२ मिमीचाच असतो, पण त्यातलं अंतर १ मिमी. बघायला दोन्ही सारखेच. एकात दुसरं फिरवलं तर एखाद-दोन फेरे जातं, मग अडकतं, आणि जोर लावला की आटा कायमचा खराब. जुन्या बाजारात "सगळ्याला बसतं हो" असं कुणी म्हणालं, तर हे लक्षात असू द्या.

टॅमरॉननं पुढे हीच कल्पना वाढवली. १९७३ च्या ॲडॅप्टॉल पद्धतीत कडी नुसती अडकायची नाही, तर कॅमेऱ्याला ॲपर्चर किती आहे हेही पोचवायची. म्हणजे तुम्ही कॅननवरून निकॉनवर गेलात तरी लेन्स विकायची गरज नाही, फक्त कडी बदलायची. आज हे स्वप्नासारखं वाटतं ना? मोठ्या कंपन्यांना ते स्वप्न कसं वाटलं असेल, याचाही विचार करा. कारण कॅमेऱ्याच्या धंद्यातली खरी मेख तिथेच आहे. गिऱ्हाईक एकदा आपल्या माउंटवर आलं, चार लेन्स घेऊन बसलं, की ते दुसरीकडे जात नाही. कॅमेरा पाच-सात वर्षांनी बदलतो, लेन्स वीस-वीस वर्षं टिकते. माउंट म्हणजे दावण आहे, दावण.

याच काळात अमेरिकेत एक वेगळीच गोष्ट घडली, आणि ती मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात रंजक वाटते. कॅलिफोर्नियात पाँडर अँड बेस्ट नावाची एक पेढी होती, जर्मनीहून आलेल्या दोन जणांची. त्यांनी १९३८ मध्ये फोटोच्या सामानाचा व्यापार सुरू केला. कारखाना नव्हता. नंतर त्यांनी विव्हिटार हे नाव काढलं आणि जपानी कारखान्यांकडून लेन्स बनवून घेऊन त्यावर ते नाव छापायला सुरुवात केली. आपल्याकडे मोठ्या दुकानांचे स्वतःच्या नावाचे बिस्किटाचे पुडे असतात ना, तसंच.

पण सत्तरच्या दशकात विव्हिटारनं नुसतं छापण्यापुढे पाऊल टाकलं. त्यांनी अमेरिकेतल्या लेन्स डिझाइनरकडून कॉम्प्युटरच्या मदतीनं डिझाइन करून घेतली, वर्णन पक्कं केलं आणि मग कारखान्यांना सांगितलं, हे असं बनवा. या मालिकेचं नाव सिरीज वन. त्यातली ७० ते २१० मिमी, सगळीकडे एफ ३.५, शिवाय जवळचेही फोटो काढणारी झूम इतकी गाजली, की बाहेरच्या कंपनीची लेन्स ही गरिबाची लेन्स असते हा समज तिनं पहिल्यांदा नीट हलवला. मासिकांतल्या चाचण्यांत तिची तुलना थेट कॅमेरा कंपन्यांच्या लेन्सशी व्हायला लागली.

आता गंमत ऐका. ही एकच लेन्स, एकच नाव, पण वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या कारखान्यांनी बनवली. पहिली आवृत्ती किनोची, दुसरी टोकिनाची, तिसरी कोमिनेची. आणि हे लपलेलं नाही, लेन्सवरच लिहिलंय. विव्हिटारच्या त्या काळातल्या सिरीयल नंबरचे पहिले दोन आकडे बघायचे. २२ असेल तर किनो, ३७ असेल तर टोकिना, २८ असेल तर कोमिने. आजही जगभरचे लोक जुनी विव्हिटार घेताना आधी काच बघत नाहीत, नंबर बघतात. तुमच्या घरात काकांची किंवा मामांची जुनी विव्हिटार कपाटात पडली असेल, तर आज काढा आणि बघा.

म्हणजे नाव विव्हिटारचं, डिझाइन अमेरिकेतलं, काच किनोची. मग "ओरिजिनल" कोण?

हाच प्रश्न आपल्याकडच्या एका फार ओळखीच्या कॅमेऱ्याला विचारता येतो. निकॉन एफएम १०. फिल्मच्या शेवटच्या काळात भारतात फोटोग्राफी शिकणाऱ्या कितीतरी मुलांचा पहिला कॅमेरा हाच होता. स्वस्त, सगळं हातानं करायचं, बरोबर ३५ ते ७० मिमीची छोटी झूम. कॅमेऱ्यावर निकॉन लिहिलेलं. तो बनवला होता कोसिनानं, जपानच्या नागानो भागातल्या, दुसऱ्यांसाठी कॅमेरे आणि लेन्स बनवणाऱ्या कंपनीनं. आणि कोसिनाचा तोच मूळ सांगाडा थोडा इकडचा तिकडे करून कॅननच्या नावानं टी ६० म्हणून १९९० मध्ये विकला गेला, ऑलिंपसच्या नावानं ओएम २००० म्हणून १९९७ मध्ये. कॅनन चांगला की निकॉन यावर कट्ट्यावर तासन्‌तास भांडणारी पोरं, आणि तिकडे दोन्ही कॅमेरे एकाच घरचे! हाच कोसिना १९९९ पासून फोक्टलेंडर हे नावही वापरतो. हो, तेच २७० वर्षं जुनं घराणं, ज्याच्या नावानं पहिली झूम आली होती.

इथे थोडं थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर गैरसमज होईल. दुसऱ्याकडून बनवून घेतलं म्हणजे फसवलं असं नाही. नाव लावणारी कंपनी दर्जा ठरवते, तपासते, वॉरंटी देते, बिघडलं तर दुरुस्त करून देते. त्याचे पैसे घेणं योग्यच आहे. आपल्या फोनचंच बघा. मागच्या बाजूला झाइस, लायका, हॅसलब्लाड अशी मोठी नावं असतात, आणि फोनच्या लेन्स बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्या आहेत तैवानची लार्गन आणि चीनची सनी ऑप्टिकल. ही नावं आपल्यातल्या किती जणांनी ऐकलीत? प्रश्न फसवणुकीचा नाही. आपण नेमके कशाचे पैसे देतोय, ते कळण्याचा आहे.

आणि खरं सांगायचं तर १९८७ पर्यंत हे उत्तर सोपं होतं. काच बघा, बांधणी बघा, किंमत बघा, घ्या. लेन्स आणि कॅमेऱ्याचं नातं यांत्रिक होतं. एक खटका, एक दांडी, एक कडी. कुणीही माप घेऊन तसाच खटका बनवू शकत होता.

१९८७ मध्ये कॅननने ते सगळं मोडलं. स्वतःच्याच आधीच्या एफडी माउंटला रामराम ठोकून ईओएस ६५० हा कॅमेरा आणि ईएफ हा नवा माउंट आणला. त्यात एकही दांडी नव्हती, एकही खटका नव्हता. फोकसची मोटर लेन्समध्ये, ॲपर्चरची मोटरही लेन्समध्ये, आणि दोघांमध्ये फक्त विजेचे संपर्कबिंदू. कॅमेरा लेन्सशी बोलायला लागला. ज्यांच्या कपाटात एफडी लेन्स भरल्या होत्या ते संतापले, आणि साहजिकच होतं. पण तंत्र म्हणून कॅननचा निर्णय दूरदृष्टीचा होता, हे मान्य करायला हवं. निकॉननं आपला १९५९ चा माउंट सोडला नाही आणि त्यापायी पुढे बऱ्याच तडजोडी केल्या.

बाहेरच्या कंपन्यांसाठी मात्र खेळच बदलला. आता माप घेऊन भागणार नव्हतं. भाषा शिकायची होती, आणि ती भाषा कॅनन कुणाला शिकवत नव्हतं. मग काय करायचं? चोरून ऐकायचं. कॅमेरा आणि लेन्स यांच्यात कुठले संदेश जातात ते तपासायचे, अर्थ लावायचा आणि आपल्या लेन्सला तेवढं बोलायला शिकवायचं. यात वावगं काही नाही, इंजिनिअरिंगमध्ये हे सगळीकडे चालतं. पण एक धोका होता. तुम्ही ऐकली ती भाषा त्या वर्षीच्या कॅमेऱ्याची. पुढच्या वर्षीच्या कॅमेऱ्यानं एखादा नवा शब्द वापरला तर?

तसंच झालं. फिल्मच्या ईओएस कॅमेऱ्यांवर उत्तम चालणाऱ्या सिग्माच्या कित्येक जुन्या लेन्स नव्या कॅननवर, विशेषतः डिजिटल आल्यावर, अडकायला लागल्या. लेन्स बसायची, फोकस व्हायचा, ॲपर्चर पूर्ण उघडं असताना फोटोही निघायचा. ॲपर्चर थोडं बंद करून बटण दाबलं की स्क्रीनवर एरर. काही काळ सिग्मा अशा लेन्समधली चिप बदलून द्यायची. पण फार जुन्या मॉडेलना नवी चिपच नव्हती. काच ठणठणीत आणि लेन्स मुकी.

म्हणून जुन्या बाजारात स्वस्तात सिग्मा दिसली, तर कॅमेरा बरोबर न्या आणि दुकानातच एफ ८ वर फोटो काढून बघा. सगळ्यात उघड्या ॲपर्चरवर नाही, एफ ८ वर. दुकानदार बऱ्याचदा उघड्यावर काढून दाखवतो आणि सगळं नीट दिसतं. तो फसवतोच असं नाही, त्यालाही बहुतेक वेळा माहीत नसतं.

"ओरिजिनलच घे" म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात जे तथ्य आहे, ते इथलं आहे. काचेचं नाही, भाषेचं. कॅननची १९८७ ची ईएफ लेन्स कॅननच्या २०१० च्या डीएसएलआरवर चालते. ही जी हमी आहे, तिचे पैसे तुम्ही देत असता. ती हमी तुम्हाला किती वर्षं लागणार, हे तुमचं तुम्ही ठरवायचं.

भांडण कोर्टातही गेलं. लेन्समध्ये हात हलल्यावर चित्र स्थिर ठेवणारं जे तंत्र असतं, त्याच्या पेटंटवरून निकॉननं २०११ मध्ये सिग्मावर खटला भरला. २०१४ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयानं निकॉनच्या बाजूनं निकाल दिला आणि सिग्माला सुमारे दीड अब्ज येन द्यायला सांगितलं. सिग्मा ही एका कुटुंबाची कंपनी आहे हे लक्षात घेतलं, की हा आकडा केवढा ते कळतं.

त्याच सुमाराला सिग्मा आतून बदलत होती. संस्थापक मिचिहिरो यामाकी जानेवारी २०१२ मध्ये गेले. सूत्रं आली त्यांचा मुलगा काझुतो यामाकी यांच्याकडे. त्या वर्षी सिग्मानं सगळ्या लेन्सची नव्यानं मांडणी केली, आणि जाहीर केलं की या नव्या मालिकेतली प्रत्येक लेन्स कारखान्यातून निघण्याआधी तपासली जाईल. नमुन्यादाखल चार नाही, प्रत्येक. हे का महत्त्वाचं होतं, तर तोवर सिग्माबद्दलची मोठी तक्रार हीच होती, की एकाच मॉडेलची एक लेन्स झकास निघते आणि दुसरी बिघडलेली. नशिबाचा खेळ म्हणायचे लोक.

दुसरं म्हणजे त्यांनी एक छोटी यूएसबीची चकती काढली. लेन्स तिच्यावर बसवायची, कॉम्प्युटरला जोडायची आणि घरबसल्या लेन्सचं सॉफ्टवेअर बदलायचं. म्हणजे कॅमेऱ्यानं नवा शब्द काढला तर आपली लेन्सही तो शब्द शिकेल. चिप बदलायला कारखान्यात पाठवायची गरज नाही. २० वर्षांच्या दुखण्यावर हे औषध होतं. टॅमरॉननंही २०१६ मध्ये तसंच यंत्र आणलं. आता त्यांच्या बऱ्याच लेन्सना फोनसारखं यूएसबी-सीचं भोकच असतं.

आणि तिसरं म्हणजे २०१३ ची १८ ते ३५ मिमी, सगळीकडे एफ १.८ असलेली झूम. एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी अशी झूम तोवर कुणीच बनवली नव्हती. कॅननची नव्हती, निकॉनची नव्हती. त्यामुळे स्वस्त की महाग हा प्रश्नच नव्हता, दुसरा डबाच नव्हता. अंधाऱ्या हॉलमध्ये नाटकाचे, लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या पोरांनी ही लेन्स डोक्यावर घेतली.

याच काळातली दुसरी गोष्ट पक्षी बघणाऱ्यांना लगेच पटेल. २०१३ च्या शेवटी टॅमरॉननं १५० ते ६०० मिमीची झूम जाहीर केली, अमेरिकेत किंमत १,०६९ डॉलर. तोवर ६०० मिमी म्हणजे कंपनीची एकच एक जाडजूड लेन्स, किंमत एखाद्या गाडीएवढी. २०१४ मध्ये सिग्मानं त्याच आकड्याच्या दोन झूम काढल्या. आणि २०१५ मध्ये निकॉननं स्वतःची २०० ते ५०० मिमी आणली, १,४०० डॉलरच्या आत. निकॉननं एवढी लांब झूम एवढ्या स्वस्तात आपणहून आणली असती का? मला नाही वाटत. म्हणजे तुम्ही निकॉनचीच लेन्स घेतली असेल, तरी तिची किंमत कमी असण्यात टॅमरॉनचा हात आहे. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित बघायला पहाटे होड्या निघतात, त्यात एकदा नजर टाका. लांब नळकांडी कुणाकुणाची आहेत ते मोजा.

मग आज घ्यायचं काय? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. ज्याचं पोट खेळाच्या किंवा बातमीच्या फोटोंवर आहे, त्यानं कंपनीची लेन्स घ्यावी, कारण तिथे एक चुकलेला फोकस म्हणजे एक गेलेलं काम. सोनीचंच उदाहरण घ्या. त्यांच्या सगळ्यात वेगवान कॅमेऱ्यांवर बाहेरच्या लेन्स लावल्या की सेकंदाला १५ फोटोंची मर्यादा येते, सोनीच्या स्वतःच्या लेन्सना ती नाही. पण आपल्यातल्या किती जणांना सेकंदाला १५ पेक्षा जास्त फोटो लागतात? बाकीच्यांनी बाहेरची लेन्स घ्यायला अजिबात कचरू नये. फक्त दुरुस्ती केंद्र कुठल्या शहरात आहे ते आधी विचारा, भारतातली वॉरंटी असलेलं पक्कं बिल घ्या, आणि झूमची कडी कुठल्या बाजूला फिरते तेही बघा. हसू नका! सिग्माच्या बहुतेक झूम कॅननसारख्या फिरतात, टॅमरॉनच्या निकॉनसारख्या. ऐन वरमालेच्या क्षणी हात उलट्या बाजूला गेला की फरक कळतो.

आता शेवटचा टप्पा, मिररलेसचा. इथे दोन कंपन्यांनी दोन उलट रस्ते धरले.

सोनी कॅमेऱ्याच्या जगात नवखी होती. २०१० मध्ये तिनं ई-माउंट आणला, तेव्हा तिच्याकडे लेन्स मोजक्याच. २०११ मध्ये तिनं जाहीर केलं, की या माउंटची मूळ माहिती आम्ही लेन्स बनवणाऱ्यांना देऊ, फी न घेता. ज्या भाषेसाठी बाकीचे २४ वर्षं दाराला कान लावून बसले होते, तिचं पुस्तक सोनीनं स्वतः हातात दिलं. याची फळं यायला थोडा वेळ लागला, पण २०१८ मध्ये टॅमरॉनची २८ ते ७५ मिमी एफ २.८ आली, ७९९ डॉलरला. सोनीची स्वतःची तशीच २४ ते ७० होती २,२०० डॉलरची, वजन ८८६ ग्रॅम. टॅमरॉनची ५५० ग्रॅम. रुंद बाजूचे ४ मिमी गमावले, बदल्यात खिसा आणि मान दोन्ही वाचले. खूप जण सोनीकडे वळले ते या लेन्समुळे. सोनीला यात तोटा नव्हताच, आणि ती टॅमरॉनची मोठी भागधारकही आहे.

निकॉनची कथा त्याहून मजेशीर. त्यांच्या नव्या झेड माउंटसाठी २०२१ च्या शेवटी २८ ते ७५ मिमी एफ २.८ आली. निकॉनच्या नावानं. लोकांनी तिची आतली रचना काढून बघितली: १२ गटांत १५ काचा, फिल्टर ६७ मिमी. टॅमरॉनची पहिली २८ ते ७५? १२ गटांत १५ काचा, फिल्टर ६७ मिमी. डब्यावर टॅमरॉनचं नाव कुठेच नाही. पण सिरीयल नंबर वाचून कारखाना ओळखणाऱ्यांच्या जगात असल्या गोष्टी कितीशा लपणार? किंमत मात्र टॅमरॉनपेक्षा जास्त. थोडं बाहेरचं कवच निकॉनचं, थोडी भाषा निकॉनची, बाकी पैसे नावाचे.

आणि कॅनन. कॅननने २०१८ मध्ये आरएफ माउंट आणला आणि दार लावून घेतलं. सिग्मा, टॅमरॉन दोघीही गप्प राहिल्या. चीनच्या विल्ट्रॉक्सनं ऑटोफोकसवाल्या आरएफ लेन्स विकायला काढल्या, तर २०२२ मध्ये कॅननने पेटंटवर बोट ठेवलं आणि त्या लेन्स बाजारातून गेल्या. चार-पाच वर्षं कॅननचा स्वस्त मिररलेस घेणाऱ्या मुलांपुढे दुसरा डबाच नव्हता. दुकानदार एकच डबा ठेवायचा आणि म्हणायचा, बजेट वाढवा, नाहीतर जुनी ईएफ लेन्स जोडकडी लावून वापरा. बऱ्याच जणांनी तेच केलं.

एप्रिल २०२४ मध्ये ते दार किलकिलं झालं. कॅननच्या परवान्यानं आरएफसाठी लेन्स काढत असल्याचं सिग्मा आणि टॅमरॉननं जाहीर केलं. जुलैमध्ये पहिली आली, सिग्माची १८ ते ५० मिमी एफ २.८. छोटी, हलकी, ऑटोफोकसवाली. पण जाहीर झालेल्या त्या सगळ्या लेन्स लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी होत्या. मोठ्या, फुल फ्रेमच्या कॅमेऱ्यांसाठी, जिथे कॅननच्या महागड्या झूम खपतात, तिथल्या दारावरची कडी त्या दिवशीही आतूनच लावलेली होती.